मूल्यांककाची फी सरकारने बांधावी

जमीन तारण ठेवायची तर किंमत ठरवणारा मूल्यांकक बँकेच्या यादीतला, अहवाल बँकेला. फी मात्र आपल्या खिशातून. संपत्ती कराच्या नियमांत ही फी बांधलेली होती: पहिल्या ५ लाखांवर अर्धा टक्का, पुढे कमी. २०१५ च्या अर्थसंकल्पात तो करच रद्द झाला.

टक्केवारी पुन्हा नकोच. सातबारा पाहणे, बांधावर जाणे हे काम बरडावर आणि काळ्या रानात सारखेच. मोजणीची फी सरकार ठरवते, तशी हीही ठरवावी. मात्र इतकी तुटपुंजी नको की बीडमध्ये बसूनच पाटोद्याच्या शेताची किंमत लिहिली जाईल! पावती आणि अहवालाची प्रत शेतकऱ्याला मिळावी.

आणि जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही. तिथे मूल्यांकनाची फी देऊ नका.