टीव्ही घेताना ठिपके मोजा, विकताना ठिपके सांगा

सणासुदीचे दिवस जवळ आले की बाजारपेठेतील टीव्हीच्या दुकानांवर मोठमोठे फलक लागतात. एचडी रेडी, फुल एचडी, फोर के, एट के अशा शब्दांची त्यावर गर्दी असते. ग्राहक येतो, किती इंची आहे आणि हप्ता किती बसेल एवढे विचारतो, दुकानदार तेवढेच सांगतो आणि सौदा होतो. फलकावरच्या त्या शब्दांचा अर्थ घेणारा विचारत नाही आणि विकणाराही आपणहून सांगत नाही. टीव्हीच्या धंद्यात पुढे जी नाराजी व भांडणे होतात, त्यांतील बरीचशी याच मौनातून निर्माण होतात असे आमचे मत आहे.

आमच्या परिचयातील एका यंत्रमाग कारागिराचे उदाहरण घ्या. त्याने गेल्या वर्षी हप्त्यावर ४३ इंची संच घेतला. खोक्यावर ‘फोर के’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. काही दिवसांनी मुलाने आतली पुस्तिका वाचली, तेव्हा पडदा १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा, म्हणजे फुल एचडी असल्याचे निघाले. कारागिराचा विश्वास बसेना. त्याने कापडाचे धागे मोजण्याची पिक ग्लास आणली, पडदा पांढरा करून त्यावर ती हलकेच धरली आणि एका इंचातले ठिपके मोजले. ते सुमारे ५१ भरले. खऱ्या फोर केच्या ४३ इंची पडद्यावर ते १०२ च्या आसपास भरायला हवेत. दुकानदाराकडे गेल्यावर त्याने खोक्यावरील बारीक अक्षरे दाखवली. तिथे ‘फोर के सपोर्ट’ असे लिहिले होते. विषय तिथेच संपला.

या प्रकरणात कारागिराचे नेमके काय नुकसान झाले, याकडे आम्ही शेवटी परत येऊ. आधी हे आकडे काय आहेत ते समजून घेऊ.

ताणा-बाणा आणि ठिपके

टीव्हीवरील चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. त्यांना पिक्सेल म्हणतात. भिंगातून पाहिले तर प्रत्येक ठिपका लाल, हिरव्या व निळ्या अशा तीन पट्ट्यांचा दिसतो. आडव्या ओळीत किती ठिपके आणि अशा ओळी किती, यावरून पडद्याचा दर्जा ठरतो.

बाजारात एचडी रेडी म्हणून मिळणारा पडदा बहुधा १३६६ गुणिले ७६८ चा, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपक्यांचा असतो. एचडी रेडी ही खूण युरोपातील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने २००५ साली आणली व तिच्यासाठी किमान ७२० ओळींची अट घातली. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. फोर के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके असतात. हे फुल एचडीच्या बरोबर चौपट झाले. एट के त्याच्याही चौपट, म्हणजे सुमारे ३ कोटी ३२ लाख.

आमच्या विणकर बांधवांना हे समजायला अवघड नाही. समजा, ३६ इंची पन्ह्याच्या कापडात तीन हजार ताणे आहेत. तेवढेच ताणे ७२ इंची पन्ह्यात पसरले तर कापड विरळ होईल. ताण्यांची एकूण संख्या तीच राहिली, पण इंचामागचे धागे निम्मे झाले. टीव्हीचेही तसेच आहे. ३२ इंची फुल एचडी पडद्यावर एका इंचात सुमारे ६९ ठिपके बसतात, तर ५५ इंची फुल एचडीवर फक्त ४० बसतात. दोन्हींवर शिक्का एकच, माल मात्र एक घट्ट व दुसरा विरळ. म्हणून नुसते इंच विचारून किंवा नुसते ‘फुल एचडी’ ऐकून सौदा करणे म्हणजे रीड-पिक न विचारता कापड उचलण्यासारखे आहे.

खोलीचे माप आधी घ्या

कापड हाताला लागते, चित्र मात्र दुरून पाहिले जाते. निरोगी डोळ्यालाही ठरावीक अंतरापलीकडे दोन शेजारचे ठिपके वेगळे ओळखता येत नाहीत. तिथून पुढे ठिपके वाढवले तरी डोळ्याला फरक कळत नाही.

याचा ठोकताळा सोपा आहे. पडद्याची उंची टेपने मोजा. फुल एचडी पडद्याचे ठिपके उंचीच्या तिपटीहून थोड्या अधिक अंतरावर दिसेनासे होतात. फोर केचे ठिपके त्याच्या निम्म्या अंतरावरच दिसेनासे होतात. ४३ इंची पडद्याची उंची सुमारे २१ इंच असते. म्हणून साडेपाच-सहा फुटांपलीकडे बसणाऱ्याला त्या मापात फुल एचडी आणि फोर के यांत ठिपक्यांमुळे होणारा फरक दिसणार नाही. ५५ इंचीसाठी हे अंतर सव्वासात फुटांच्या आसपास येते, ६५ इंचीसाठी साडेआठ फुटांच्या. ३२ इंची एचडी रेडी संच सहा फुटांवरून पाहिला तर त्याचेही ठिपके दिसत नाहीत.

आता आपल्या मोहल्ल्यातील घरे डोळ्यांसमोर आणा. दहा बाय बाराची खोली, एका भिंतीला टीव्ही व समोरच्या भिंतीला पलंग. पाहणारा आठ-नऊ फुटांवर असतो. अशा घरात ४३ इंचीवर फोर केसाठी दोन-चार हजार जादा मोजणे व्यर्थ आहे. पण घरातील मुले समोर चटई टाकून चार फुटांवर बसत असतील, किंवा संगणक जोडून पडद्यावर नकाशे व डिझाइन पाहायचे असतील, तर फोर केचा उपयोग आहे. एट केबद्दल आम्ही स्पष्टच सांगतो. ५५ इंचीवर त्याचा खरा लाभ घ्यायचा तर डोळे पडद्यापासून दोन फुटांवर न्यावे लागतील. जपानच्या एनएचके या संस्थेने १ डिसेंबर २०१८ रोजी एट केचे प्रसारण सुरू केले, पण आपल्याकडे दाखवायला तेवढ्या दर्जाची चित्रे अगदीच थोडी आहेत. त्यासाठी पैसे घालवू नयेत.

नळाला पाणी नाही तर हंडा मोठा कशाला?

‘नवा मोठा टीव्ही घेतला, पण जुन्या डब्यावरच चित्र चांगले दिसायचे,’ ही तक्रार दुकानदारांना रोज ऐकावी लागते. ती खोटी नाही. आपल्याकडील जुन्या प्रसारणात ६२५ ओळी असत, त्यांतील ५७६ चित्राच्या. एकवीस इंची डब्यावर सात-आठ फुटांवरून त्या ओळी डोळ्याला जाणवत नसत. साध्या दर्जाच्या, म्हणजे एसडी वाहिन्यांवर आजही ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपक्यांचेच चित्र येते. ते फोर के पडद्यावर भरायचे तर एका ठिपक्याचे वीस ठिपके करावे लागतात. टीव्हीतील यंत्रणा मधल्या जागा अंदाजाने भरते, पण जे चित्रात आलेच नाही ते ती निर्माण करू शकत नाही. म्हणून एसडी वाहिनी मोठ्या पडद्यावर धुरकट दिसते. यात संचाचा दोष नाही.

तेव्हा घरात काय पाहिले जाणार हे आधी ठरवावे. बहुतेक वेळ एसडी वाहिन्याच लागणार असतील तर ३२ इंची संच पुरेसा आहे व चित्रही त्यावरच नीटस दिसेल. एचडी वाहिन्यांसाठी फुल एचडी योग्य. इंटरनेटवरून फोर के चित्र पाहायचे तर सेकंदाला साधारण १५ मेगाबिटचा वेग सतत मिळायला हवा. तो मिळत नसेल तर चित्राचा दर्जा आपोआप खाली येतो आणि फोर के संचाचे पैसे भिंतीला टांगलेले राहतात.

आणखी एक चूक अनेक घरांत होते. एचडी सेटटॉप बॉक्सचे दरमहा जादा पैसे भरले जातात, पण तो टीव्हीला लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांच्या जुन्या वायरने जोडलेला असतो. त्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. त्यासाठी एचडीएमआय वायर लागते. संच बसवायला जाणाऱ्या कारागिराने एवढी एक गोष्ट तपासली तरी ग्राहक कायमचा दुवा देईल.

दुकानदार बांधवांना विनंती

३२ इंचांहून मोठ्या संचांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर तो २०१९ पासून १८ टक्केच होता. मोठ्या पडद्याकडे ग्राहकाचा ओढा त्यामुळे वाढणे साहजिक आहे. अशा वेळी खरे माप सांगण्याची जबाबदारीही वाढते.

दुकानदार आम्हाला म्हणतात, ‘ग्राहक भावाशिवाय काही विचारत नाही. आम्ही समजावत बसलो तर तो शेजारच्या दुकानात जातो.’ या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. भावाच्या शर्यतीत ऑनलाइन विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांपुढे मोहल्ल्यातील दुकान फार काळ टिकणार नाही. त्या कंपन्यांना ग्राहकाची खोली किती फुटांची आहे हे ठाऊक नसते, आपल्या दुकानदाराला ते ठाऊक असते. ‘तुमच्या खोलीला हा स्वस्तातला संच पुरेसा आहे,’ असे सांगणारा दुकानदार एका विक्रीत हजार रुपये कमी कमावेल, पण त्या घरातील फ्रीज, पंखा आणि मुलीच्या लग्नातील सामान त्याच्याकडूनच जाईल.

आमची सूचना साधी आहे. पडद्याची लांबी खोक्यावर सेंटीमीटरमध्ये लिहिलेली असते, तद्वतच पडद्याच्या मूळ ठिपक्यांचा आकडा दुकानदाराने पावतीवर लिहून द्यावा. ‘फोर के सपोर्ट’ किंवा ‘फुल एचडी सपोर्ट’ याचा अर्थ एवढाच की तसे चित्र आत घेतले जाईल. ते दाखवले जाईल पडद्यावर जेवढे ठिपके आहेत तेवढ्यांतच. स्वस्त प्रोजेक्टरच्या बाबतीत हा प्रकार अधिक चालतो. विकताना हा फरक तोंडाने सांगितलाच पाहिजे. दुकानात कंपनीची चकचकीत चित्रफीत लावून संच दाखवण्याऐवजी ग्राहक रोज पाहतो ती वाहिनी लावून दाखवावी.

ग्राहकांनीही आपली बाजू सांभाळावी. घरून निघताना बसण्याचे अंतर मोजून न्यावे. दुकानात ‘पॅनेलचे मूळ रिझोल्यूशन किती’ हा एकच प्रश्न विचारावा व उत्तर पावतीवर लिहून घ्यावे. ठिपक्यांबरोबर चित्राचा उजेड, काळ्या रंगाची खोली व बाजूने पाहताना रंग टिकतात का, हेही डोळ्यांनी पाहावे. मालाचा दर्जा, प्रमाण व किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने दिलेला आहे आणि फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

आता त्या कारागिराकडे परत येऊ. त्याची खोली आठ फुटांची. फुल एचडी आणि फोर केमधला फरक त्याला पलंगावरून दिसलाच नसता. जे मिळाले नाही त्याची त्याला गरजही नव्हती. पण त्याचे पैसे त्याने घेतले गेले आणि रात्रपाळीच्या मजुरीतून तो ते अजून फेडतो आहे. दुकानदाराने सुरुवातीलाच खरे सांगितले असते तर कारागिराने तोच संच फुल एचडी म्हणून योग्य भावात आनंदाने घेतला असता. आज तो त्या दुकानाची पायरी चढत नाही आणि त्याच्या कारखान्यातील मंडळीही चढत नाहीत. दोन-चार हजारांच्या जादा नफ्यासाठी किती ग्राहक गमावले, याचा हिशेब त्या दुकानदाराने एकदा मांडून पाहावा.