'सोल्ड आउट' म्हणजे नेमकं कुणाला विकलं हो?

वानखेडेवरचा कुठलाही मोठा सामना घ्या. ऑनलाइन विक्री सुरू झाली की थोड्याच वेळात 'सोल्ड आउट'. दुसऱ्या दिवशी पेपरात 'तिकिटांवर उड्या', 'क्रिकेटवेडी मुंबई' वगैरे. आणि इकडे चाळीसगावात स्टेशन रोडवर पोरं एकमेकांना विचारताहेत, "काय भो, तिकीट भेटनं का?" कुणालाच भेटलेलं नसतं. मग विकलं कुणाला?

२०११ च्या वर्ल्ड कप फायनलचा हिशोब तेव्हा छापून आला होता, म्हणून तोच घेऊ. वानखेडेची क्षमता साधारण ३३ हजार. सर्वसामान्यांसाठी तिकिटं किती? ४ हजार. त्यातली १ हजार ऑनलाइन, आणि विक्री सुरू होताच ती वेबसाइटच झोपली. बाकीची बहुतेक मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या संलग्न क्लबांना आणि आयसीसीला गेली. म्हणजे आठातल्या सात खुर्च्या खिडकी उघडण्याआधीच वाटून झालेल्या. मैदान त्या दिवशी भरलंच, वाद नाही. पण 'तिकिटं संपली' याचा अर्थ आपल्या वाट्याचा चतकोर संपला, एवढाच होता.

गंमत बघा, वानखेडे स्टेडियम मुळात तिकिटांच्या भांडणातूनच उभं राहिलं. ब्रेबॉर्नचा मालक क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आपल्याला पुरेशा जागा देत नाही, म्हणून तेव्हाची बॉम्बे क्रिकेट असोसिएशन चिडली. बॅरिस्टर शेषराव वानखेड्यांनी मनावर घेतलं आणि ब्रेबॉर्नपासून चालत जाण्याच्या अंतरावर नवं स्टेडियम बांधलं. जानेवारी १९७५ मध्ये तिथं पहिली कसोटी झाली, क्लाइव्ह लॉइडनं नाबाद २४२ ठोकले. वाट्यासाठी भांडून घर बांधणाऱ्यांनी स्वतःच्या घरात आपल्याला कुठं उभं केलं, ते वर आलंच आहे.

जुन्या टॉकीजवर 'हाऊसफुल्ल'ची पाटी लागायची तेव्हा ब्लॅकवाले बाहेर असायचेच, मी काही त्या काळाचे गोडवे गात नाही. पण आत सगळ्या खुर्च्यांवर माणसं दिसायची. ५ ऑक्टोबर २०२३ आठवा. अहमदाबादला वर्ल्ड कपचा पहिला सामना, इंग्लंड विरुद्ध न्यूझीलंड, १ लाख ३२ हजारांचं स्टेडियम आणि टीव्हीवर खुर्च्यांचा नुसता रंग दिसत होता. त्याच स्पर्धेची तिकिटं ऑगस्टअखेर विक्रीला आली तेव्हा लोक तासन्‌तास ऑनलाइन रांगेत अडकले होते. मग ओरड झाल्यावर बीसीसीआयनं आणखी ४ लाख तिकिटं काढली. संपलेली होती ना? मग ही कुठून आली?

आपण रेल्वेला रोज शिव्या घालतो. जंक्शनच्या गावात राहून घालायच्याच. पण रेल्वे निदान सांगते की वेटिंग ८४ आहे, आरएसी इतकी आहे, तत्काळचा कोटा वेगळा, चार्ट अमुक वाजता लागेल. सुटलेल्या कोट्याच्या जागा चार्टनंतर वेटिंगवाल्याला मिळतात. क्रिकेटमध्ये यातलं काही नाही. प्रायोजकांचे किती, क्लबांचे किती, साहेबांचे किती, न वापरलेले परत किती आले? उत्तर एकच, 'सोल्ड आउट'.

नियम नाही असं नाही. लोढा समितीनंतर बोर्डाची घटना बदलली आणि फुकट पास १० टक्क्यांवर आले, बाकी ९० टक्के लोकांसाठी. लगेच २०१८ मध्ये इंदूरला बोर्ड आणि मध्य प्रदेश असोसिएशन त्या पासांवरूनच भांडले आणि भारत-वेस्ट इंडिज सामना विशाखापट्टणमला हलवला. पासांसाठी सामना दुसऱ्या राज्यात जातो, यावरून त्या कागदाची किंमत कळावी.

हे फक्त आपल्याकडचं नाही म्हणा. अमेरिकेत बॉस्टनच्या रेड सॉक्स संघानं २००३ ते २०१३ सलग ८२० सामने 'सोल्ड आउट' असल्याचं मिरवलं. तिथल्या पत्रकारांनी खोदलं तेव्हा कळलं की फुकट वाटलेली आणि उभ्यानं बघायची तिकिटंही त्यात धरली होती. खुर्च्या रिकाम्या, कागदावर फुल्ल. पण निदान मोजायची रीत काय, हे क्लबला सांगावं लागलं. आपल्याकडे तेवढंही कुणी विचारत नाही.

कुणी म्हणेल, खाजगी संस्था आहे, तिची मर्जी. वानखेडेची जमीन सरकारची, भाडेपट्ट्यावर दिलेली. पोलीस बंदोबस्त सरकारचा, आणि त्याचं शुल्क राज्य सरकारनं २०२३ मध्ये कमी केलं, तेही मागे २०११ पासून. सवलत घेताना सार्वजनिक आणि हिशोब देताना खाजगी, हे कसं जमतं?

आणि हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. ४ जून २०२५ ला बेंगळुरूत चिन्नास्वामीबाहेर ११ जण चेंगरून मेले. प्रवेश फुकट की पासनं, पास कुठं, जागा किती, याचा धड पत्ता नसलेली लाखोंची गर्दी ३५ हजारांच्या मैदानाच्या दारात होती. आत किती जागा उरली आहे हे माहीत नसेल, तर माणूस नशीब आजमावायला येतोच. आमची पोरंही रात्रीच्या गाडीला लोंबकळून जातात, 'बाहेर भेटून जाईल' म्हणत.

आकडा नाही, हेही मला पटत नाही. विकलेल्या तिकिटावर जीएसटी लागतो, आयपीएलच्या तिकिटावर तर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. म्हणजे किती विकली, हे कुठल्यातरी वहीत आहेच. बोर्ड माहिती अधिकाराबाहेर आहे, २०२५ च्या क्रीडा कायद्यातही सरकारी पैसा न घेणाऱ्या संस्थांना वगळलं. पण पोलीस खातं माहिती अधिकारात येतं. मुंबई-पुण्यातल्या पत्रकार मित्रांनो, सामन्यागणिक अर्ज टाका. परवानगी किती प्रेक्षकांची होती आणि आयोजकांनी पोलिसांना किती तिकिटं, किती पास कळवले होते, एवढंच विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात. मसुदा हवा असेल तर मेसेज करा, तयार आहे.