पिवळे कॅलिपर की बिडाच्या डिस्क?

माझा भाचा जर्मनीत स्टुटगार्टला नोकरी करतो. कित्येक वर्षं पैसे साठवून त्याने पोर्शेच्या ९११ जीटी३ या गाडीसाठी नाव नोंदवलं होतं. मागच्या महिन्यात त्याचा नंबर लागला. अशा गाड्या शोरूममध्ये तयार उभ्या नसतात. वितरकाच्या वाट्याला मोजक्याच येतात आणि बाहेरच्या रंगापासून सीटच्या धाग्यापर्यंत सगळं आधी ठरवून द्यावं लागतं. त्याच्या हातात आठवडा होता. रंग त्याने दोन मिनिटांत ठरवला, पण ब्रेकच्या रकान्यापाशी अडला आणि त्याने मला फोन केला. ‘‘मामा, सिरॅमिक ब्रेक घेऊ का? रेसच्या गाड्यांना असतात तसले आहेत. गाडी लवकर थांबेल ना?’’

प्रश्न लाखमोलाचा होता, अगदी शब्दशः. नेहमीच्या ब्रेकऐवजी कार्बन-सिरॅमिक डिस्क घ्यायच्या तर तिथे आठ-दहा हजार युरो जास्त मोजावे लागतात. आपल्याकडे तेवढ्यात एक छोटी मोटार दारात येते.

‘लवकर थांबेल’ हा समज आधी काढून टाकायला हवा. गाडी डिस्क थांबवत नाही. ती थांबते टायर आणि रस्ता यांच्या पकडीने. ब्रेक जोरात दाबल्यावर पायाखाली जी थरथर जाणवते ती एबीएसची. ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा जास्त झाली, असा तिचा अर्थ. म्हणजे तुमच्या-माझ्या गाडीतसुद्धा एका थांबण्यापुरती ब्रेकची ताकद पुरून उरते. एकदाच करकचून थांबायचं असेल तर बिडाची डिस्क काय आणि सिरॅमिकची काय, टायर तोच असेल तर अंतरात फारसा फरक पडत नाही. (बीड म्हणजे ओतीव लोखंड. तव्याचं बीड आणि डिस्कचं बीड एकाच घराण्यातलं.)

मग डिस्कचं काम काय? उष्णता गिळणं. चालकासह दीड टनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल तर तिच्यात सुमारे ५८० किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. नळाचं दोन लिटर पाणी उकळीला आणायला साधारण एवढीच ऊर्जा लागते. वेग दुप्पट, २०० झाला की ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. आता आठ लिटर पाणी, आणि तेही पाचेक सेकंदांत! ही सगळी उष्णता चार डिस्कमध्ये शिरते आणि तिथून हवेत जाते. हमरस्त्यावर असं क्वचित घडतं आणि मध्ये थंड व्हायला भरपूर वेळ मिळतो. रेसट्रॅकवर मात्र दर वळणाआधी हेच, मिनिटातून अनेकदा. माझ्या भाच्याला न्युरबुर्गरिंगचं वेड आहे. जवळजवळ २१ किलोमीटरचा तो जुना डोंगराळ ट्रॅक ठरावीक दिवशी पैसे भरून कोणालाही आपली गाडी घेऊन जायला खुला असतो.

खरी निवड इथे सुरू होते. ‘रेसच्या गाड्यांसारखे’ हे विशेषण अर्धंच खरं आहे. फॉर्म्युला वनच्या डिस्क पूर्णपणे कार्बनच्या असतात. त्या थंड असताना धड पकडत नाहीत, काहीशे अंशांवर गेल्या की कामाला लागतात. दूध आणायला निघालेल्या माणसाला त्या परवडायच्या नाहीत. रस्त्यावरच्या गाड्यांना मिळते ती कार्बन-सिरॅमिक. कार्बनचे धागे राळेत घालून साचात दाबायचे, भट्टीत भाजायचे, मग त्या सच्छिद्र चकतीत वितळलेलं सिलिकॉन मुरवायचं. सिलिकॉन वितळतं १,४१४ अंश सेल्सियसला, म्हणजे काम किती खर्चाचं ते कळतं. त्यातून तयार होणारं सिलिकॉन कार्बाइड इतकं कठीण असतं की रोजच्या वापरात डिस्कची झीज नगण्य. वजन बिडाच्या निम्म्याच्या आसपास. हे वजन चाकाबरोबर फिरणारं आणि खड्ड्यात चाकाबरोबर आदळणारं असल्याने, ते कमी झालं की गाडी रस्त्याला अधिक चिकटून चालते. गंज नाही. पोर्शेने हे ब्रेक २००१च्या ९११ जीटी२वर आणले, तेव्हापासून त्यांचे कॅलिपर पिवळे रंगवतात. जीटी३च्या पुढच्या चाकातली बिडाची डिस्क ४०८ मिलिमीटरची आणि सिरॅमिकची ४१०ची. आकारात म्हणाल तर तेवढाच फरक.

एवढे गुण ऐकून कोणीही पिवळ्या रंगावर खूण करेल. पण कार्बन शेवटी कार्बन आहे. फार तापला की हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, साध्या शब्दांत सांगायचं तर हळूहळू जळतो. ट्रॅकवर वारंवार तापणाऱ्या डिस्कची जाडी तेवढीच राहते, वजन मात्र घटत जातं. म्हणून बिडाची डिस्क मायक्रोमीटरने मोजतात, तर ही डिस्क काढून काट्यावर ठेवावी लागते. किमान वजन तिच्यावरच कोरलेलं असतं, त्याखाली गेली की ती बाद. नवा संच सुट्या भागांच्या दराने घ्यायचा झाला तर गाडीबरोबर मोजलेल्या रकमेपेक्षा पुष्कळ जास्त पैसे जातात. शिवाय चाक बदलताना धक्का लागून कडेचा टवका उडण्याची भीती असतेच. बिडाची डिस्क मात्र झिजली, तडकली, तर काढून टाकावी आणि नवी बसवावी.

त्यामुळे एक गमतीदार उलटापालट होते. ‘रेसचे’ म्हणून विकले जाणारे महागडे ब्रेक जास्त शोभतात ते कधीच ट्रॅकवर न जाणाऱ्या माणसाला, आणि दर महिन्याला ट्रॅकवर जाणारे पुष्कळ जाणते चालक बिडाच्या डिस्क मागवतात. सिरॅमिकच्या डिस्क काढून गुंडाळून ठेवायच्या, ट्रॅकसाठी बिडाच्या चढवायच्या आणि गाडी विकताना मूळ डिस्क पुन्हा लावायच्या, असं करणारेही मालक आहेत. मला यात शहाणपण कमी आणि कसरत जास्त दिसते. काही गाड्यांत तर निवडच नसते. २०२३ साली आलेली ९११ एस/टी फक्त १,९६३ बनवायची ठरली आणि तिला सिरॅमिक ब्रेक कंपनीनेच लावून दिले.

सिरॅमिकच्या बाजूने माझ्या मते सर्वांत वजनदार मुद्दा जाहिरातीत अभावानेच दिसतो. तो धुळीचा. चाकांवर बसणारी काळी पूड म्हणजे डिस्क आणि पॅड यांची झीज. तिच्यातले बारीक कण हवेत राहतात आणि श्वासाबरोबर आत जातात. हवेतल्या सूक्ष्मकणांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. धुराड्यातला धूर कमी होत गेला, तशी ब्रेक आणि टायरच्या धुळीकडे नजर वळली. २०२४मध्ये संमत झालेल्या युरोपच्या ‘युरो ७’ नियमांनी ब्रेकच्या धुळीवर पहिल्यांदाच मर्यादा घातली. पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, विजेवरच्या मोटारींना ३. कठीण डिस्क कमी झिजते, साहजिकच धूळ कमी. पण त्यासाठी एवढी महाग डिस्कच हवी असं नाही. बिडावर टंगस्टन कार्बाइडचा पातळ मुलामा दिलेल्या डिस्क २०१७पासून बाजारात आहेत. सामान्य गाड्यांना उद्या असं काही मिळालं तर ते मला सिरॅमिकपेक्षा मोलाचं वाटेल, कारण पुण्याच्या चौकात माझ्या फुप्फुसात शिरणारी धूळ जीटी३ची नसते.

भाच्याला मी सांगितलं, ‘‘तू ट्रॅकवर जाणारच आहेस. बिडाच्या डिस्क घे आणि वाचलेल्या पैशातले थोडे ब्रेक ऑइलवर घाल.’’ तो हसला. पण ट्रॅकवर पहिला दगा बहुधा डिस्क देत नाही, ब्रेक ऑइल देतं. नावात ऑइल असलं तरी ते तेल नव्हे. ते हवेतलं बाष्प शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ताजं द्रव किमान २३० अंशांपर्यंत उकळायला नको, असा दंडक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तो आकडा १५५वर येतो. तापलेल्या कॅलिपरमध्ये ते उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, द्रव दाबलं जात नाही. मग पॅडल थेट खाली जातं आणि गाडी पुढेच जात राहते. अशा वेळी डिस्क कशाची आहे याला काही अर्थ उरत नाही.

हे ऐकायला न्युरबुर्गरिंगलाच जायला नको. महाबळेश्वरहून पसरणी घाटाने वाईला उतरताना भरलेली गाडी टॉप गिअरमध्ये सोडून सतत ब्रेकवर पाय ठेवला की तेच होतं, फक्त सावकाश. खालच्या गिअरमध्ये उतरलं की बरीचशी ऊर्जा इंजिन खातं. आणि बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला सांगतात. फोन ठेवल्यावर मी माझ्या गाडीची सर्व्हिसची वही उघडली. शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची निघाली.

भाच्याने अखेर बिडाच्या डिस्कवर खूण केली. गाडी यायला अजून अवकाश आहे. परवा बोलताना म्हणाला, ‘‘तुझं पटलं रे मामा, पण लाल कॅलिपर बघून लोक काय म्हणतील?’’

मी म्हटलं, गाडी चालू असताना चाकातलं काही दिसत नाही.