मेंदूचें दुखणें व घरचीं माणसें

रोग्याची शुश्रूषा करणें हें प्रेमाचें काम आहे, असें आपण सारे म्हणतों. परंतु तें शिकून घ्यावयाचेंही काम आहे, हें फारसें कोणी म्हणत नाहीं. मेंदूंतील गांठीच्या दुखण्यांत प्रेम पुष्कळ आणि माहिती थोडी असली, तर त्या प्रेमाचाच रोग्याला जाच होतो.

आपल्या मावळांतील रोग्यास उपचारासाठीं पुष्कळदां पुण्यास जावें लागतें, नाहीं तर घाट उतरून मुंबईस. परळचें टाटा रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. आजही दूरदूरचे लोक तेथें धांव घेतात. जलद वाढणाऱ्या गांठीस शस्त्रक्रियेनंतर बहुधा आठवड्यांतून ५ दिवस, असे ६ आठवडे किरणोपचार देतात. डोकें हलूं नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा मुखवटा बसवितात. प्रत्यक्ष किरण कांहीं मिनिटांचेच. उरलेला सारा दिवस सोबत्यानें निभावावयाचा असतो. लोणावळ्याहून रोजची खेप अशक्त रोग्याला झेपत नाहीं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेनें अशा कित्येकांस आसरा दिला आहे. गांठ कर्करोगाची असल्यास रोग्यास व एका सोबत्यास रेल्वेभाड्यांत सवलत मिळते. रुग्णालयाचा दाखला मात्र हवा. (सोबत्याचें भाडें कमी करण्याचें ज्याला सुचलें, त्यानें हें दुखणें जवळून पाहिलें असावें.)

परंतु खरी कसोटी घरीं परतल्यावर. कपाळामागील मेंदूचा भाग दुखावला, तर स्वभावच पालटूं शकतो. शांत बाप चिडखोर होतो; बोलक्या आईला नेहमींचा शब्द सांपडत नाहीं. सूज उतरविण्याकरितां दिलेल्या स्टेरॉइड औषधानेंही भूक व चिडचिड वाढते, झोंप उडते. हें वागणें दुखण्याचें आहे, बाबांचें नव्हे, असें मुलाला कोणी तरी सांगितलें पाहिजे. तो लहान म्हणून त्याजपासून लपविणें मला अन्यायाचें वाटतें. न सांगितलेलेंही मुलांना कळतेंच. फक्त अधिक भयंकर होऊन कळतें.

झटका आल्यास आपल्याकडे कांदा किंवा वहाण हुंगवितात, तोंडांत चमचा घालतात. यांतील कांहींही करूं नये. रोग्यास कुशीवर वळवावें, भोंवतालच्या टणक वस्तू दूर साराव्या, घड्याळ पाहावें. ५ मिनिटांत झटका थांबला नाहीं तर तत्काळ रुग्णालय गांठावें. बरें वाटतें म्हणून झटक्याची गोळी आपल्या मनानें कधीं बंद करूं नये.

शेजाऱ्यांजवळ सल्ले फार असतात. कोणी काढा सांगतो, कोणी अंगारा. पहिल्या महिन्यांत त्या घरीं गर्दी, आणि आठव्यांत शुकशुकाट! माझ्या मतें आठव्या महिन्यांतच जावें. चार भाकरी न्याव्या, भाताची लावणी अडली असेल तर एक दिवस हात लावावा, रात्रभर जागलेल्या बाईला दोन तास निजूं द्यावें. रोग्यासमोर, तो तेथें नसल्यासारखें, त्याजविषयीं बोलूं नये. त्याला शब्द सुचत नाहीं, म्हणून समजतही नाहीं असें नव्हे.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वर्गांतील ज्याच्या घरीं हें चाललें असेल, त्याच्या चुकलेल्या तासांच्या वह्या तुम्हीं लिहून द्याव्या. सायंकाळीं खेळावयास त्याला हांक मारावी. तो पुष्कळदां येणार नाहीं; तरी दुसऱ्या दिवशीं पुन्हां मारावी.