पेटीवाल्याचं गाणं
कोकणातल्या रेडीच्या जत्रेत दशावताराचं नाटक सुरू होण्याआधी पेटीवाल्याला सहज विचारलं, ‘तुमचा आवडीचा गाणा खयचा?’ तो बोललाच नाही. भाता ओढून ‘मत्स्यगंधा’तली एक चाल वाजवली. १९६४ चं नाटक, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, म्हणजे तेरेखोल नदीपलीकडच्या, गोव्यातल्या मंगेशीचं. दशावताराला छापील संहिता नसते, त्यामुळे अशा आवडत्या चाली राजाच्या तोंडी नवे शब्द घेऊन येतात. आवडत्या गाण्यापायी माणूस काय काय सोडतो! भीमसेन जोशींनी लहानपणी अब्दुल करीम खाँची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि ११ व्या वर्षी गुरू शोधायला घर सोडलं. आमच्या पेटीवाल्यानं घर नाही, रात्रीची झोप तेवढी सोडली. मृदंगवाला मात्र पुडी लावता लावता म्हणाला, ‘माका गाण्यापेक्षा तालच आवडता.’