बिडाला लेसरचे कवच

बीड स्वस्त खरे, पण घासणाऱ्या जागी ते लवकर झिजते. लेसरने वरचा पातळ थर वितळवून त्यात क्रोमियमसारख्या धातूची पूड मिसळली, की तो झटकन थंड होऊन कठीण बनतो. आतले बीड तसेच राहते. मात्र थराला तडे जातात, छिद्रेही पडतात. भाग आधी तापवून घेतल्यास तडे कमी होतात.

आमचे स्पष्ट मत आहे की छोट्या कारखानदार बांधवांनी कर्ज काढून हे यंत्र घेऊ नये. चौघांनी मिळून काम बाहेर द्यावे. आधी एक नमुना कापून तपासावा. हैदराबादच्या एआरसीआय या सरकारी संस्थेत लेसरचे स्वतंत्र केंद्र आहे, तेथे चौकशी करावी. आपण शिकेपर्यंत गिऱ्हाईक थांबणार नाही.