बांधावरची बाभूळ तोडण्याआधी



गळीत हंगाम आटोपला, रानं मोकळी झाली की आपल्या भागात बांध साफ करण्याचे काम निघते. कुऱ्हाडीच्या जागी आता यंत्राची करवत आली आहे. जे झाड पाडायला पूर्वी दोन गडी दिवसभर घाम गाळत, ते आता चहा उकळेपर्यंत आडवे होते. या साफसफाईत पहिला नंबर लागतो तो बाभळीचा. आंब्याला कोणी हात लावत नाही, निंबाला लावताना माणूस दहादा विचार करतो. बाभळीची बाजू मात्र कोणीच घेत नाही. ती येथे मांडावी असे आम्हांस वाटते, कारण हा प्रश्न नुसत्या झाडाच्या मायेचा नाही, आपल्या उसाचा आहे.

बाभळीवर आपण तीन आरोप ठेवतो. पहिला, तिच्या सावलीखाली ऊस बारीक राहतो. दुसरा, तिचा काटा पायात आणि टायरात जातो. तिसरा आणि अलीकडचा आरोप म्हणजे, ‘बाभळीमुळे हुमणी येते.’ पहिले दोन आरोप खरे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. तिसरा मात्र अर्धाच खरा आहे, आणि या अर्ध्या सत्यापायी बांधच्या बांध बोडके होत आहेत. म्हणून आधी त्याचाच निकाल लावू.

हुमणीने काय होते ते उस उत्पादकाला सांगायला नको. पाऊसपाणी बरे असूनही ऊस पिवळा पडतो, वाळू लागतो, आणि बेट धरून ओढले की मुळाशिवाय हातात येते. खाली माती उकरली की पांढरी, इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली अळी सापडते. ही अळी झाडावर राहत नाही, मातीत राहते. झाडावर येतो तो तिचा भुंगेरा, आणि तोही वर्षातून थोडेच दिवस. वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस पडला की दिवे लागणीच्या सुमारास भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, जवळच्या निंबावर, बाभळीवर, बोरीवर जाऊन पाला खातात, तेथेच त्यांचे मीलन होते, आणि पहाटेच्या आत ते पुन्हा मातीत शिरतात. मादी मातीत अंडी घालते. पुढे सारा पावसाळा अळी मुळे खात वाढते. वर्षाला पिढी एकच.

‘ज्या गावच्या बोरी, त्याच गावच्या बाभळी’ ही म्हण आपण सोयरिकीच्या बैठकीत वापरतो. भुंगेऱ्यालाही ती ठाऊक असावी! त्याला बाभूळ नसली तर बोर चालते, बोर नसली तर निंब चालतो. मग आपण गावातले निंबही तोडणार काय? बाभूळ तोडल्याने भुंगेरा मरत नाही, तो फक्त दुसरीकडे बसतो. आणि त्या दुसऱ्या जागी कदाचित आपला हात पोहोचत नाही.

आता याच गोष्टीकडे उलट्या बाजूने बघा. वर्षभर मातीत दडून बसलेला शत्रू दोन-तीन आठवडे रोज संध्याकाळी आपण होऊन एका ठराविक झाडावर गोळा होतो. याहून सोपा सापळा कोणता? रात्री आठच्या सुमारास झाडाखाली जुने धोतर किंवा ताडपत्री अंथरावी, आकडीने फांद्या हलवाव्यात, पडलेले भुंगेरे वेचून रॉकेल किंवा थोडे डिझेल टाकलेल्या पाण्यात बुडवावेत. एक मादी पन्नासेक अंडी घालते. म्हणजे अंडी घालण्याआधी एक मादी पकडली की पन्नास अळ्यांचा बंदोबस्त झाला. अळी मोठी झाल्यावर उभ्या उसात औषध ओतून काय हाती लागते, हे प्रत्येकाने आपल्या खिशाला विचारावे. थोडक्यात, बाभूळ ही चोराची साथीदार नाही, ती चोर पकडण्याची जागा आहे.

एवढ्यावरही तिचे काम संपत नाही. जुन्या बाभळीच्या ढोलीत पिंगळा राहतो. त्याचे रात्रीचे मुख्य खाणे किडे आणि भुंगेरेच, शिवाय उंदीर. उसात उंदीर किती नासाडी करतो हे काय सांगावे? खाटीक पक्षी नाकतोडे आणि सरडे पकडून बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो आणि सवडीने खातो. नांगरटीच्या वेळी तासामागून चालत हुमणीच्या अळ्या टिपणारे बगळे, कावळे, साळुंक्या यांना रात्री बसायला झाड हवेच. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबतात ते आपण लहानपणापासून पाहतो. खोपा विणतो तो नर, आणि त्यासाठी आपल्याच उसाच्या पातीच्या चिंधोट्या फाडून नेतो. ज्वारी-बाजरी हुरड्यावर आली की हेच पाखरू चार दाणे खाते, हेही खरे. पण पिलांना ते अळ्या आणि नाकतोडे भरवते, हा हिशेब दुसऱ्या बाजूला धरला पाहिजे. पावसाळ्यात बाभूळ पिवळ्या गोंड्यांनी भरते. तो एकेक गोंडा म्हणजे एक फूल नव्हे, कितीतरी बारीक फुलांचा झुबका असतो. त्याच्या परागासाठी मधमाश्या येतात, आणि त्याच माश्या पुढे आपल्या तिळावर, सूर्यफुलावर, वेलवर्गीय भाज्यांवर काम करतात.

जमिनीखालचे काम तर दिसतही नाही. बाभूळ शेंगवर्गातील आहे. हरभऱ्याप्रमाणे तिच्याही मुळांवर गाठी असतात आणि त्या हवेतील नत्र धरतात. तिची मुळे बोरीकाठचे आणि नाल्याकाठचे बांध धरून ठेवतात. पाणी जास्त होऊन जिथे जमीन चोपण झाली आणि ऊस फुटत नाही, तिथेही बाभूळ तग धरते. शेंगा शेळ्या-मेंढ्यांचा खुराक, डिंक बाळंतिणीच्या लाडवात, साल चामडे कमावायला, काडी दाताला.

आणि उसाचे तर तिच्याशी जुने नाते आहे. लोखंडी चरक येण्यापूर्वी ऊस लाकडी चरकात पिळला जाई, आणि त्याला बाभळीचे चिवट लाकूड लागे. अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. त्याच्या कितीतरी आधीपासून गावोगाव तेल गाळणारे लाकडी घाणेही या जातीच्या कणखर लाकडाचेच असत. नांगर, वखर, तिफण, गाडीचे चाक, सगळीकडे बाभूळच. रबरी टायरची गाडी आली म्हणून जुन्या चाकाचे उपकार विसरू नयेत.

येथे एक खुलासा हवा. बाभूळ म्हणून ओळखले जाणारे प्रत्येक झाड म्हणजे आपली बाभूळ नव्हे. नदीकाठ आणि पडीक जमीन गिळत चाललेली वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली. ती काढा, आमची हरकत नाही. सामाजिक वनीकरणात लावलेली, बिनकाट्याची, लांब पानांची ती ऑस्ट्रेलियन बाभूळ. तिलाही पिवळी फुले येतात, पण तिच्या पाल्याला जनावर सहसा तोंड लावत नाही. आपली बाभूळही परमुलखात अशीच वागते. सावली आणि चाऱ्यासाठी ऑस्ट्रेलियात नेलेली ही बाभूळ क्वीन्सलंड प्रांतात साठ लाख हेक्टरांहून अधिक कुरणांत पसरली आणि तेथे तण ठरली. इथे ती तशी माजत नाही. इथे तिला खाणारे किडे आहेत, शेळ्या आहेत, तोडून वापरणारा माणूस आहे. झाड आपल्या घरी मर्यादेने राहते. घरचे तोडून बाहेरचे लावण्यात शहाणपण नाही.

आता सावली आणि काट्याचे बघू. उत्तरेच्या बांधावर झाड ठेवले तर हिवाळ्यात सावली आपल्या उसावर पडत नाही. पण ती शेजाऱ्याच्या उसावर पडते आणि मग ग्रामपंचायतीत बसावे लागते! म्हणून आम्ही म्हणतो की ओळीने बाभळी ठेवाच असे नाही. विहिरीवर, नाल्याच्या काठी, पडीक कोपऱ्यात, गाडी वळत नाही अशा जागी दोन-चार जुनी झाडे राखावीत. उन्हाळ्यात खालच्या फांद्या छाटाव्यात आणि छाटलेले काटे कुंपणाला लावावेत, वाटेत टाकू नयेत. वैशाखात पारा ४५ अंशांकडे झुकतो तेव्हा बैलाला, सालदाराला आणि भाकर सोडणाऱ्या आपल्यालाही हीच सावली गोड लागते.

भुंगेरे वेचणे मात्र एकट्याचे काम नाही. एकाने वेचले आणि शेजाऱ्याने सोडले तर उपयोग शून्य, कारण भुंगेऱ्याला गट नंबर कळत नाही. येथेच सहकाराची खरी कसोटी आहे. आमची सूचना अशी: पहिल्या पावसाच्या रात्रीपासून प्रत्येक गावात शिवारवार टोळ्या कराव्यात. कारखान्याच्या शेतकी खात्याने कोणत्या शिवारात कोणती झाडे आहेत याची यादी उन्हाळ्यातच करून ठेवावी, आणि जमवलेल्या भुंगेऱ्यांना किलोमागे काही भाव द्यावा. शाळेतली पोरेही मोठ्यांबरोबर हौसेने येतील. हा खर्च संचालक मंडळाला जड नाही. हुमणीने गेलेल्या टनांपुढे तर नाहीच नाही.

कारखाना उभा करताना आपण शेअरची रक्कम एकेकट्याने भरली, पण चाक फिरले ते सर्वांच्या उसाने. हुमणीचेही तसेच आहे. पाऊस पडण्याला फार दिवस नाहीत. तेव्हा करवत खाली ठेवा आणि आकडी शोधून ठेवा.